अंगणातील वाहनाची राखण

जळगाव व धुळे जिल्ह्यांत केळीच्या बागेस व कपाशीच्या शेतास जोडणारी मोटारसायकल आणि ट्रॅक्टर ही शेतकऱ्याची अवजारेच होत. रात्री अंगणात उभ्या मोटारसायकलीस केवळ हँडलचे कुलूप पुरेसे नाही. चाकातून साखळी ओवून ती जमिनीत पक्क्या बसविलेल्या लोखंडी कडीस अडकवावी. ट्रॅक्टरची किल्ली घरात ठेवावी. चोरटे नंबरपट्टी सहज बदलतात. परंतु चासी व इंजिन यांवर कोरलेले क्रमांक खोडल्यास संशय बळावतो. म्हणून ते क्रमांक वहीत नोंदवून ठेवावेत. चोरी होताच पोलीस पाटलांस व ठाण्यास कळवावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीबाहेरील ठाण्यातही फिर्याद देता येते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. ग्रामपंचायतींनी ही माहिती ग्रामसभेत द्यावी.