वैद्याच्या अंगणातील बीजसंग्रह : मिरची व भेदरे

मिरची व टोमॅटो या दोन्ही वनस्पतींना आपल्या संहितांत स्थान नाही. चरकाचार्यांच्या अन्नपानविधी अध्यायातील शाकवर्ग आपण सर्वांनीच परीक्षेसाठी घोकला आहे. त्यात या दोहोंचा उल्लेख नाही व तो असणे शक्यही नव्हते, कारण दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, टोमॅटो तिच्यामागून बऱ्याच काळाने आला. असे असूनही आज वऱ्हाडातील एकही चूल या दोघांवाचून पेटत नाही. टोमॅटोला तर आमच्या भागाने ‘भेदरे’ असे स्वतःचे नाव देऊन घरचाच करून टाकले. मिरचीला अर्वाचीन द्रव्यगुणग्रंथांनी ‘कटुवीरा’ हे नाव दिले. ते शास्त्रशुद्ध असले तरी तिवस्याच्या आठवडी बाजारात ते उच्चारल्यास भाजीवाली आमच्याकडे संशयाने पाहील.

अम्लपित्त, रक्तपित्त व अर्श या व्याधींच्या रुग्णांस आम्ही पथ्यपत्रकात मिरची वर्ज्य लिहून देतो आणि सायंकाळी चिकित्सालयामागील अंगणात मिरचीच्याच वाफ्याला पाणी घालतो. रुग्ण हे पाहतात व हसतात. परंतु द्रव्य अपथ्यकर आहे म्हणून ते अभ्यासण्यायोग्य नाही, असे कोणत्या आचार्यांनी सांगितले आहे? मिरचीतील कॅप्सेसीन या घटकाच्या आधारे शरीरातील उष्णतासंवेदी ग्राहकाचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरचीची ‘उष्णता’ व विस्तवाची उष्णता शरीर एकाच द्वारातून ओळखते, असे त्या संशोधनाचे सार आहे. उष्णवीर्य ही संज्ञा नित्य वापरणाऱ्या आम्हांस त्याचे कौतुक वाटले.

तथापि प्रस्तुत लेखाचा विषय मिरचीचे गुणधर्म हा नसून तिचे बी हा आहे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात गर्भोत्पत्तीसाठी ऋतू, क्षेत्र, अंबु व बीज ही सामग्री सांगताना दृष्टांत अंकुराचाच घेतला आहे. आजचा बागायतदार यांपैकी पहिल्या तिहींची काळजी वाहतो, चौथे मात्र दुकानातून पाकिटात आणतो. त्यात दोष आहे असे आम्ही सरसकट म्हणत नाही. संकरित वाणांनी उत्पन्न वाढले व काही वाणांत रोगप्रतिकारही आला. मात्र संकरित झाडाच्या फळातील बी पुढील वर्षी पेरल्यास मातापित्यांचे गुण विखुरतात व एकाच वाफ्यात नाना तऱ्हेची झाडे उभी राहतात. त्यामुळे बी दरवर्षी विकत घेणे क्रमप्राप्त होते. एकदा बी धरण्याची सवय मोडली की घरचे वाण दोन-तीन वर्षांत नाहीसे होते, कारण मिरचीच्या बियांची उगवणशक्ती साधारण तेवढीच टिकते. टोमॅटोचे बी नीट वाळवून ठेवल्यास चार-पाच वर्षे तग धरते.

म्हणूनच आम्ही नाडीपरीक्षा आटोपल्यावर वयस्कर स्त्रियांना एक प्रश्न आवर्जून विचारतो, “आजी, तुमच्या घरी जुने बी आहे काय?” शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनवासी यांना ओषधी नामरूपाने ठाऊक असतात, असे चरकाचार्यांनीच म्हटले आहे. आमच्या तालुक्यात हे ज्ञान चुलीजवळ राहिले. कोणी राखेत घोळलेले वांग्याचे बी आणते, कोणी वाळक्या तुंब्यातील दोडक्याचे. एका वृद्धेने औषधाच्या पैशांऐवजी चिंधीत बांधलेल्या बारीक तिखट मिरच्या पुढे केल्या. त्या तिच्या माहेरच्या होत्या आणि सुनेला त्यांत रस नव्हता. ते वाण आज आमच्या अंगणात आहे. आजी आता हयात नाहीत. त्या वर्षी आम्ही मागितले नसते तर चिंधी कुठे गेली असती, हे सांगावयास नको.

या कार्याचे सर्वज्ञात उदाहरण म्हणजे श्रीमती राहीबाई पोपेरे. त्या अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या. तालुका अकोले, आपले अकोला नव्हे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी बायफ संस्थेच्या साहाय्याने गावरान भाज्यांची व धान्यांची बियाणे बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विदर्भात नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची बाब होय. परंतु मानांकनाने नाव राखले जाते, बी राखण्यासाठी कोणीतरी ते पेरावे लागते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. टोमॅटो हे मुख्यत्वे स्वपरागित पीक असल्याने नवशिक्याने येथूनच आरंभ करावा. निरोगी झाडावरील, देठाशी पूर्ण पिकलेले फळ घ्यावे. गर बियांसह काचेच्या वा मातीच्या भांड्यात काढून एक ते दोन दिवस आंबू द्यावा. आमच्याकडील उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, अधिक ठेवल्यास बी भांड्यातच अंकुरते. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरते व ते या संधानाने सुटते. आसवारिष्टे सिद्ध करणाऱ्या आपल्या मंडळींना हा वास ओळखीचाच वाटेल. मग भरपूर पाण्यात धुवावे, वर तरंगणारे पोचट बी टाकून द्यावे व तळाचे सावलीत कापडावर पसरावे. कागदावर ते चिकटते.

मिरचीचे बी काढणे सोपे, परंतु ती बहुतांशी मधमाश्यांच्या अधीन असते. बियाणे प्रमाणीकरणात टोमॅटोला 25 मीटर विलगीकरण अंतर पुरते, मिरचीला 200 मीटर लागते. अंगणात ते कोठून आणावे? त्यावर उपाय असा की फुले उमलण्यापूर्वी एका फांदीला विरळ मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा आणि बी त्याच फळांचे ठेवावे. ढोबळी मिरची व लवंगी शेजारी लावल्यास ढोबळी तिखट होते, असा समज आहे. त्या वर्षीचे फळ बदलत नाही, पण त्यातील बी पुढील वर्षी पेरल्यास तिखट ढोबळी पदरात पडू शकते. तिखटपणा बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या भागाला चिकटलेल्या असतात त्यात असतो. हात झोंबल्यास आधी तेल चोळावे, मग साबण लावावा. नुसत्या पाण्याने दाह शमत नाही.

आमच्या भागात एक विशेष दक्षता आवश्यक आहे. खर्रा घोटणाऱ्या हातांनी रोपांना स्पर्श करू देऊ नये. तंबाखूवरील मोझॅक विषाणू हातावाटे मिरची व टोमॅटोवर येतो आणि टोमॅटोच्या बियांवरही राहतो. व्यसनमुक्तीचा उपदेश करताना आम्ही अलीकडे ही बाब सांगतो. शेतकरी स्वतःच्या फुफ्फुसापेक्षा रोपवाटिकेच्या काळजीने अधिक विचारात पडतो, हा अनुभव विनोदी असला तरी उपयोगी आहे.

बीजसंस्काराबाबत सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाकडे सर्वांचे लक्ष जाते. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील त्याची हस्तलिखित प्रत डॉ. नलिनी साधले यांच्या भाषांतरासह 1996 साली प्रसिद्ध झाली. वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगितलेली दहा दिवस दुधात भावना देण्याची रीत मात्र मिरचीच्या नाजूक बियांस लावू नये, बी कुजेल. ग्रंथाचा आदर व तारतम्य यांत विरोध नाही. गोमय, गोमूत्र व किंचित चुना यांचे बीजामृत चोळून सावलीत सुकवणे आम्हांस पुरेसे वाटते.

औषधनिर्मात्यांनी या खटाटोपात का पडावे? काकमाची, बृहती, कंटकारी, अश्वगंधा ही सारी मिरची-टोमॅटोच्याच कुलातील. लघुपंचमुळातील दोन द्रव्ये यांत आली. बाजारातून येणाऱ्या कंटकारीच्या पोत्यात नेमके काय आहे, यावर आपण किती वेळा वाद घातला आहे! ज्याने भेदऱ्याचे बी आंबवून काढले, त्याला काकमाचीच्या पक्व फळांतून बी काढण्यास वेगळे शिक्षण नको. खात्रीच्या झाडाचे बी हाती असले की द्रव्यनिश्चितीचा अर्धा वाद तेथेच मिटतो.

कायद्याविषयी शंका विचारल्या जातात. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, 2001 च्या कलम 39 अन्वये शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. निषिद्ध आहे ते संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पाकिटात विकणे. आपल्या औषधालयात बियाण्यांची विक्री मांडावयाची असल्यास बियाणे नियंत्रण आदेश, 1983 नुसार परवाना घ्यावा लागतो. आपसांतील देवघेव त्याहून सोपी.

वाळलेले बी कागदी पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, व बरणी माठाजवळच्या कोनाड्यात पण ओल लागणार नाही अशी ठेवावी. पुडीवर वाण, गाव, देणाऱ्या घराचा उल्लेख व वर्ष लिहावे. सध्या आमच्या बरणीत मिरचीची चार वाणे व भेदऱ्यांची दोन आहेत. पैकी लहान, आंबट, पातळ सालीचे भेदरे चटणीस उत्तम. मृगाच्या सुमारास गादीवाफ्यावर रोपे टाकू. ज्या वैद्यबंधूंना हवे असेल त्यांनी पुढील बैठकीस येताना आपल्या गावचे एखादे जुने वाण सोबत आणावे. मूठभर लागत नाही, पन्नास बिया पुरेत.