झोपाळ्याला धरून ठेवणारं तेल

जुन्या मॉरिस मायनरचा पुढचा शॉकॲब्सॉर्बर पहिल्यांदा पाहणाऱ्याला ओळखू येत नाही. आज सगळीकडे दिसतं ते लांबुळकं नळकांडं इथे नसतं. असते ती ओतीव धातूची एक जड पेटी आणि तिच्या कुशीतून बाहेर आलेली दणकट भुजा. पेटी वाइसमध्ये पकडा आणि भुजा हळूच खाली दाबा. ती लोण्यातून गेल्यासारखी जाते. आता तीच झटक्यात दाबून बघा. अडते! आत कसला खटका नाही, की अडसर नाही. आहेत फक्त दट्टे, तेल आणि तेलाला जायला बारीक वाटा.

मला या गोष्टीचं आश्चर्य अजून संपलेलं नाही. हौदाच्या पाण्यात हात सावकाश फिरवला तर पाणी वाट देतं, जोरात फिरवला तर तेच पाणी हाताला भिडतं. अरुंद भोकातून जाणाऱ्या तेलाचा वेग दुप्पट झाला की त्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून आत स्प्रिंगवर बसवलेले व्हॉल्व्हही असतात. मोठा खड्डा आला की ते उघडतात आणि तेलाला जास्तीची वाट देतात, नाहीतर धक्का थेट बॉडीत जाईल.

नाव मात्र फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. मायनरमध्ये पुढे ही स्प्रिंग म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेली पोलादी दांडी. चाक उचललं की ती पिळली जाते. (आपल्या ॲम्बॅसडरच्या पुढच्या चाकांनाही अशीच पिळाची दांडी होती, तो वारसा मॉरिस ऑक्सफर्डचा.) पण स्प्रिंग घेतलेलं सगळं परत देते. एक झोका दिलेला झोपाळा जसा कितीतरी वेळ हलत राहतो, तशी गाडी डोलत राहील. शॉकॲब्सॉर्बर हा झोपाळा पाण्यात बुडवतो. खराब रस्त्यावरून आल्यावर त्या पेटीला हात लावून बघा, कोमट लागते. मघाचा खड्डा तिथे ऊब होऊन बसलेला असतो!

ॲलेक इसिगोनिस यांची ही गाडी 1948 मध्ये आली. तिच्यात हीच भुजा पुढच्या चाकाची वरची जोडणीही आहे. म्हणजे पेटीतला शाफ्ट झिजून खिळखिळा झाला, तर गाडी नुसती डोलत नाही, चाकाचा कोनही ढळतो. म्हणून नवी नळकांडी लावून जुन्याला सुट्टी देता येत नाही. नळकांडी बसवायच्या बऱ्याच किटमध्येही जुनी पेटी केवळ जोडणी म्हणून जागेवरच राहते. माझं मत विचाराल तर मूळ पेटीच चांगल्या कारागिराकडून नव्या शाफ्ट-सीलसह दुरुस्त करून घ्यावी, आणि एकाच बाजूची नव्हे, जोडीने. कडक तेवढा चांगला, असंही समजू नका. फार कडक शॉकॲब्सॉर्बर जुन्या बॉडीच्या जोडांवर घाव घालतो.

देखभाल म्हणजे मुख्यतः तेल. भरायचं बूच उघडण्याआधी आजूबाजूची सगळी माती ब्रशने आणि फडक्याने पुसून काढायची, कारण वाळूचा एक कण बारीक वाट अडवू शकतो. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका, शॉकॲब्सॉर्बरचंच तेल हवं. थोडं घालायचं, भुजा सावकाश वरखाली करायची, पुन्हा थोडं घालायचं. सुरुवातीला मध्येच एखादा पोकळ टप्पा लागतो, भुजा सुटल्यासारखी धावते. ती आत अडकलेली हवा. दाबली जाते ती हवा, तेल नाही. म्हणून थेंबभर हवाही हा खेळ बिघडवते. हळूहळू बुडबुडे वर येतात, टप्पा नाहीसा होतो आणि भुजेची चाल वरपासून खालपर्यंत एकसारखी जड लागते. बुचाखाली तेलाला फुगायला थोडी जागा तेवढी ठेवा.

मग पेटी जागेवर बसवून गाडी जॅकवरून उतरवायची, चारी चाकांवर उभी करायची आणि तेव्हाच जोडणीतल्या रबरी बुशांचे बोल्ट पक्के आवळायचे. हवेत लोंबकळत्या चाकावर आवळले, तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. शेवटी मडगार्डवर दोन्ही तळहात टेकवून जोर द्यायचा आणि सोडून द्यायचा. गाडी वर येते, किंचित खाली बसते आणि तिथेच थांबते.