खुळखुळणारी डबी

एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी प्लास्टिकची असते. हलवली की आतल्या तीस गोळ्या खुळखुळतात. सासरी राहणारी बाई गोळ्या मिळणाऱ्या सेंटरमधून बाहेर पडली की आधी लेबल खरवडते, मग डबीत कापूस कोंबते. पिशवीतून आवाज यायला नको. वीस वर्षांत औषध कुठल्या कुठे गेलं, कापूस मात्र अजून लागतोच.

सुरुवातीला तर औषधच नव्हतं, होती ती नुसती भीती. १९८९च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला पोलिसांनी घरून नेलं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटं कोंडलं. गुन्हा काय, तर रक्तदान केल्यावर त्याचं रक्त पॉझिटिव्ह निघालं. ६४ दिवस तो तिथे होता. कायदाच तसा होता, आणि त्याविरुद्ध त्याची आई कोर्टात उभी राहिली.

२००१मध्ये सिप्ला या औषध कंपनीने एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला आणि १ एप्रिल २००४पासून सरकारी दवाखान्यांत एआरटी, म्हणजे हीच औषधं, मोफत मिळू लागली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. तेव्हाच्या गोळ्यांमधल्या स्टॅव्ह्युडिनने जीव वाचायचा, पण गाल आत जायचे, हातपाय काटकुळे व्हायचे. जो आजार लपवायचा, त्याचंच औषध तो चेहऱ्यावर लिहून ठेवायचं. कितीतरी जणांनी गोळ्या सोडल्या त्या या चेहऱ्यापायी. त्यांना बेजबाबदार म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

पुढे ते औषध गेलं, दिवसाला एकच गोळी आली. आधी उपचारासाठी सीडी-४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, दोनशेच्या खाली घसरेपर्यंत थांबावं लागे. २०१७पासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच उपचार. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही आता पक्कं झालंय.

पण ‘रोज’ हाच शब्द जड आहे. बीडची ऊसतोड करणारी बाई दिवाळीच्या सुमारास नवऱ्यासोबत कोयत्यावर जाते, ती उन्हाळ्यापर्यंत. सेंटर गावाकडे, फड दोन-तीन जिल्हे पलीकडे. एक दिवस गेलं तर मुकादम खाडा धरतो, उचलीत भर पडते. एसटीचं भाडं वेगळंच. शिवाय ‘कशाला चाललीस?’ या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही. गोळी फुकट आहे, तिथवर जाणं फुकट नाही.

विधवेचं तर विचारूच नका. नवऱ्याकडून आजार आला, नवरा गेला, आणि ‘हिनेच त्याला खाल्लं’ म्हणत तिला माहेरी पाठवलं. जमिनीच्या उताऱ्यावर दिराचं नाव चढलं. माहेरी तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. पोटात अन्न नसताना घेतलेल्या गोळीने मळमळतं, मग ती एक दिवस चुकते, मग आठवडा.

२०१७चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी आली, संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायचा नाही असंही ठरलं. फार मोलाचा कायदा. संजय गांधी निराधार योजनेतही या रुग्णांना अनुदान आहे. मात्र अर्जाला दाखला जोडावा लागतो, दाखल्यावर आजाराचं नाव असतं, आणि ते कागद गावातल्याच ओळखीच्या हातांतून पुढे सरकतात. म्हणून कितीतरी बाया तहसीलच्या पायरीपर्यंत येतात, दाखला पुन्हा पिशवीत घालतात, कापूस कोंबलेल्या डबीशेजारी, आणि दुपारची एसटी पकडतात.