शोधनिबंधातले शेवटचे नाव

मागच्या लेखात शोधनिबंध छापून येण्याआधी कोणत्या चाळण्यांतून जातो ते पाहिले. आज त्याच्या शीर्षकाखालची नावांची ओळ पाहू. वैद्यकशास्त्रात या ओळीची ठरलेली रीत आहे. पहिले नाव प्रत्यक्ष राबणाऱ्याचे: ज्याने केस पेपर उपसले, ऑपरेशनच्या नोंदी जुळवल्या, तक्ते भरले आणि पहिला मसुदा लिहिला. शेवटचे नाव ज्याच्या देखरेखीखाली हे झाले त्याचे, बहुधा विभागप्रमुखाचे. पहिल्या नावाच्या बळावर नोकरी मिळते, तर निधी, परिषदेतले व्याख्यान आणि संपादक मंडळातली खुर्ची शेवटच्या नावाकडे चालत येते. सर्जरीतल्या स्त्रिया अडकून पडतात त्या या दोन नावांच्या मधे, आणि ही अडचण नुसती वाट पाहून सुटणार नाही, असे माझे मत आहे.

रेश्मा जग्सी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडलेले आकडे अजूनही बोलके आहेत. अमेरिकेतल्या डॉक्टरांचे ३५ वर्षांतले लेखन त्यांनी तपासले. ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त १९७० साली पहिल्या नावांत स्त्रिया २.३ टक्के होत्या आणि शेवटच्या नावांत ०.७ टक्के. २००४ पर्यंत हे प्रमाण १६.७ आणि ६.७ टक्क्यांवर आले. वाढ झाली, पण शेवटच्या जागेवर पोचणाऱ्या स्त्रिया पहिल्या जागेवरच्यांच्या निम्म्याही नव्हत्या. त्याच २००४ साली ‘जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये मात्र ३८.९ आणि ३८ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. बालरोगशास्त्रात जे घडू शकले ते सर्जरीत का घडले नाही, हा खरा प्रश्न आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे, की सर्जन स्त्रियाच मुळात कमी. आजच्या निवासी डॉक्टर उद्या प्रमुख होतील आणि आकडे आपोआप सुधारतील. यात तथ्य आहे. आज शेवटचे नाव लावणारा सर्जन वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या वाटेला लागलेला असतो, आणि तेव्हा वर्गात मुली थोड्या होत्या. पण एवढ्याने भागत नाही. २०१८ मध्ये हॉलमन आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३ कोटी ६० लाख लेखक-नोंदी तपासल्या, तेव्हा ज्या शाखांतली दरी कित्येक पिढ्या टिकेल असे दिसले, त्यांत भौतिकशास्त्र आणि गणिताच्या जोडीला सर्जरी होती. नियतकालिके निमंत्रण देऊन लेख मागवतात तेही पुरुषांकडून जवळजवळ दुप्पट, असे त्याच पाहणीत आढळले. त्याहून बोचणारा पुरावा २०२२ च्या ‘नेचर’मधला. तो एकट्या सर्जरीचा नाही, अमेरिकी विद्यापीठांतल्या सगळ्याच विज्ञानशाखांचा आहे. एकाच संशोधन गटात काम करणाऱ्यांपैकी स्त्रीचे नाव निबंधावर येण्याची शक्यता पुरुषापेक्षा १३ टक्क्यांनी कमी निघाली. या बायका गटात हजर होत्या, काम करत होत्या. संख्या कमी असल्याची सबब इथे लागू पडत नाही.

उरतो गुणवत्तेचा आक्षेप: चांगले काम असेल तर नाव होईलच. कॅनडाच्या आरोग्य संशोधन निधीने नकळत याची परीक्षा घेतली. अर्जातले संशोधन तपासायला सांगितले, तेव्हा निधी मिळण्यात स्त्री-पुरुषांत ०.९ टक्के-बिंदूंचा फरक राहिला; संशोधक व्यक्ती कशी आहे ते तपासायला सांगितले, तेव्हा तो ४ वर गेला. कामाकडून माणसाकडे नजर वळताच माप बदलते.

म्हणून ‘ग्लोबलसर्ग’सारख्या गटांची पद्धत मला महत्त्वाची वाटते. २०१६ मध्ये त्यांनी ५८ देशांतल्या ३५७ रुग्णालयांमधील १०,७४५ रुग्णांच्या तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास गटाच्या एकाच नावाने प्रसिद्ध केला आणि माहिती गोळा करणाऱ्यांचीही नोंद ठेवली. गटाच्या नावात एकेकीचे श्रेय विरघळते, बढतीच्या मुलाखतीत ते दाखवता येत नाही, ही तक्रार रास्तच आहे. पण त्यावर इलाज आहे. लेखक कोणाला म्हणावे याच्या चार अटी वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिल्या आहेत. नावांचा क्रम मात्र लेखकांनी आपसांत ठरवावा, असे तीच समिती म्हणते. ज्या विभागात प्रमुखाचा शब्द अखेरचा, तिथे ‘आपसांत’ म्हणजे कोण ठरवणार हे उघड आहे. क्रम काम सुरू होण्याआधी कागदावर यावा, त्यावर निवासी डॉक्टरचीही सही असावी, आणि पुढे तो बदलला तर कारण नियतकालिकाला कळवावे लागावे. एवढी अट घालायला संपादकांना पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही.