चित्रपटांचे उत्तरभाग आणि काळाचा हिशेब

गोष्ट ऐकण्याची आवड मनुष्यास उपजतच असते. गोष्ट कितीही लांब असो, ती संपताच ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारल्यावाचून मूल राहात नाही. ह्याच एका प्रश्नावर चित्रपटांच्या उत्तरभागांचा सारा व्यवहार उभा आहे. पहिला चित्रपट लोकांस आवडला की दुसरा निघतो, दुसरा चालला की तिसरा. अंगी अमानुष सामर्थ्य असलेल्या वीरांच्या, म्हणजे ज्यांस आपण सुपरहीरो म्हणतो त्यांच्या, कथांत तर ही माळ फारच लांबते. २०१९ सालचा ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा त्या मालिकेतील २२ वा चित्रपट होता. इतकी लांब गोष्ट सांगताना सांगणाराची जीभ कोठे घसरते, ती का घसरते, आणि ते ओळखण्याची सवय विद्यार्थ्यास काय उपयोगाची, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कित्येक वडीलधारी मंडळी असे चित्रपट पाहून म्हणतात, ‘मनुष्य कधी आकाशात उडतो काय? सारेच खोटे!’ हा आक्षेप आम्हांस योग्य वाटत नाही. हुतूतूच्या खेळात दम सुटला की गडी बाद होतो. हा नियम काही निसर्गाने केलेला नाही. तो खेळणारांनी ठरविलेला आहे. तथापि डाव अर्ध्यावर आला असता कोणी दम सोडून पुन्हा धरू लागला, तर सारे खेळगडी ओरडतात. गोष्टीचेही असेच आहे. नायक उडतो असे एकदा सांगितले की ते आम्हांस मान्य आहे. परंतु सूर्यप्रकाशावाचून त्याची शक्ती चालत नाही असे सांगून, पुढे काळोख्या रात्री तो विनाकारण उडू लागला, तर तेथे कथेस भगदाड पडले असे समजावे. कल्पनेस बंधन नाही. दिलेल्या शब्दास मात्र आहे.

अशी भगदाडे पडण्याचे एक कारण चित्रपट घडविण्याच्या रीतीतच आहे. भोरच्या राजवाड्यात अनेक चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे, त्यामुळे इकडील मंडळींस ही रीत अगदीच अनोळखी नाही. चित्रपटातील प्रसंग कथेच्या क्रमाने टिपीत नाहीत. वाड्यातील पहिला आणि शेवटचा प्रसंग एकाच दिवशी उरकतात आणि मधले प्रसंग महिन्यानंतर अन्यत्र घेतात. त्यामुळे नटाच्या कपाळावरची जखम डावीकडे होती की उजवीकडे, दिवा लागलेला होता की विझलेला, हे टिपून ठेवण्यास एक स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. त्याची वही म्हणजे त्या कथेची रोजनिशीच होय. एका चित्रपटापुरती ही वही पुरते. परंतु उत्तरभाग तीन, सात, दहा वर्षांनी निघतो. लेखक बदलतात, नट वयस्क होतात, आणि पहिला भाग लिहिताना दुसऱ्याचा विचार कोणी केलेलाच नसतो. मग जुनी वही कोण उघडून पाहतो?

आपल्या मुंबईत तयार झालेल्या एका हिंदी मालिकेचे उदाहरण घेऊ. राकेश रोशन ह्यांचा ‘कोई... मिल गया’ हा चित्रपट २००३ साली, ‘क्रिश’ २००६ साली, आणि ‘क्रिश ३’ २०१३ साली प्रदर्शित झाला. पहिल्यात रोहित नामक भोळ्या तरुणास परग्रहावरील ‘जादू’ नावाचा प्राणी भेटतो व त्याच्या कृपेने त्यास असामान्य बुद्धी व बळ लाभते. दुसऱ्यात त्याच रोहितचा मुलगा कृष्णा तरुण झालेला असून सिंगापुरास जाऊन पराक्रम करतो. आता पाटी घेऊन हिशेब करा. रोहितची पहिली कथा २००३ च्या सुमाराची धरली, तर त्यानंतर जन्मलेला मुलगा वीस वर्षांचा होण्यास २०२३ साल तरी उजाडले पाहिजे. पडद्यावरचे सिंगापूर, तेथील वाहने, हातांतील दूरध्वनी हे सारे मात्र २००६ सालचे आहे. उलट दुसरी कथा २००६ सालची मानावी, तर पहिली १९८५ च्या आसपास गेली पाहिजे. पण तीत शाळेतील मुले संगणक शिकताना दिसतात आणि एकंदर थाट २००३ चा आहे. तीन वर्षांत वीस वर्षे बसवावयाची म्हणजे पायलीत खंडी मोजण्यासारखे आहे.

ह्याच्या उलट महेश कोठारे ह्यांचा मराठी ‘झपाटलेला’ पाहा. तो वीरकथा नव्हे, भुताच्या बाहुल्याची विनोदी कथा आहे. परंतु हिशेबापुरती ती उपयोगी पडते. पहिला भाग १९९३ सालचा व दुसरा २०१३ सालचा. मधल्या काळात, २००४ साली, नायक लक्ष्मीकांत बेर्डे हे निवर्तले. म्हणून दुसऱ्या भागात लक्ष्याच्या तरुण मुलास नायक केले. येथे पडद्याबाहेर जितकी वर्षे लोटली, जवळजवळ तितकीच पडद्यावरही लोटली, म्हणून मनास खटकत नाही.

‘क्रिश ३’ मध्ये आणखी एक युक्ती दिसते, तीही समजून घेण्याजोगी आहे. त्यातील खलपुरुष ‘काल’ हा, रोहित बंदिवासात असताना दुष्ट डॉक्टर आर्य ह्याने त्याच्या शरीरातील बीजद्रव्य घेऊन केलेल्या प्रयोगातून जन्मास आलेला आहे, असे सांगितले आहे. दुसऱ्या चित्रपटात ह्या प्रयोगाचा उल्लेख नव्हता. तथापि रोहित अनेक वर्षे आर्याच्या कैदेत होता हे त्यात सांगितलेलेच होते, त्यामुळे त्या रिकाम्या जागेत हा नवा प्रसंग बसू शकतो. ह्यास भगदाड म्हणता येत नाही. हे मागाहून लावलेले ठिगळ आहे. ठिगळ लावण्यास हरकत नाही, मात्र ते जुन्या विणीवर नीट बसले पाहिजे, आणि जुना धागा तोडून लावू नये.

आता खरी अवघड गोष्ट म्हणजे कालप्रवास. भूतकाळात जाणे किंवा भविष्य पाहणे हे कथेत आले की घोटाळ्यास सीमा राहात नाही. ‘नातू भूतकाळात गेला आणि त्याच्या हातून आजोबा बालपणीच मेले, तर नातू जन्मला कसा?’ हा पेच प्रसिद्धच आहे. त्यातून वाट काढण्याचे तीन मार्ग कथाकारांस ठाऊक आहेत.

पहिला मार्ग असा की, काळाचा धागा एकच आहे व तो बदलत नाही. हा आपणांस नवीन नाही. देवकीचा आठवा पुत्र आपला काळ होणार, ही आकाशवाणी ऐकून कंसाने जे जे केले ते ते व्यर्थ गेले. ‘क्रिश’ मध्येही डॉक्टर आर्य यंत्रातून भविष्य पाहतो, त्यात त्यास क्रिशच्या हातून आपला मृत्यू दिसतो. क्रिश समजून तो भलत्याच तरुणास ठार मारतो. तरी व्हावयाचे ते चुकत नाही. नायकाचे नाव कृष्ण ठेवण्यात लेखकाने कंसाचीच कथा नव्या वेषात उभी केली, हे चतुर वाचकाच्या ध्यानी आलेच असेल. येथवर कथा सुसंगत आहे. परंतु मग दुसरी शंका निघते. पाहिलेले भविष्य जर टळतच नाही, तर त्या यंत्राच्या बळावर जगाचा स्वामी होण्याची आशा आर्याने कशी धरली? आणि ज्या रोहितने असे यंत्र एकदा घडविले, तो पुढील संकटाच्या वेळी त्याचे नाव का काढीत नाही?

दुसरा मार्ग असा की, धागा एकच, पण तो उसवून पुन्हा विणता येतो. १९७८ सालच्या अमेरिकन ‘सुपरमॅन’ चित्रपटात भूकंपाने नायिकेचा अंत होतो, तेव्हा नायक पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने उडून काळच मागे फिरवितो व तिला वाचवितो. प्रसंग मोठा हृद्य आहे. पण त्याने पुढच्या सर्व कथांच्या मुळावर घाव घातला. १९८० साली प्रदर्शित झालेल्या उत्तरभागात तीन दुष्ट सगळ्या पृथ्वीस त्राहि भगवन् करून सोडतात, त्या वेळी नायकास ही विद्या आठवत नाही. एकदा दिलेले सामर्थ्य लेखकास परत घेता येत नाही, आणि ज्यास प्रत्येक चूक पुसता येते त्याच्या संकटाची आपणांस काळजीही वाटत नाही.

तिसरा मार्ग फांद्यांचा. भूतकाळात काही बदलले की तेथून काळास नवी फांदी फुटते. मूळ खोड जसेच्या तसे राहते. ‘एंडगेम’ ने हाच नियम पात्रांच्या तोंडून स्पष्ट सांगितला आहे. असे असता शेवटी कॅप्टन अमेरिका हा वीर भूतकाळात राहून संसार करतो आणि म्हातारा होऊन मूळ जगातल्याच बाकावर बसलेला दिसतो! तो दुसऱ्या फांदीवर म्हातारा झाला असेल, तर ह्या खोडावर आला कसा? नवल असे की, हे कोडे चित्रपटाच्या लेखकांनी एका रीतीने व दिग्दर्शकांनी दुसऱ्याच रीतीने सोडवून सांगितले. घरधन्यांचेच एकमत नाही, तर पाहुण्यांनी काय समजावे?

ह्याच तिसऱ्या मार्गाने आपल्या मराठीत डॉ. जयंत नारळीकर ह्यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा लिहिली. नारळीकर कोल्हापुरास १९३८ साली जन्मले व पुण्यास २०२५ साली निवर्तले. ते जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांचे गंगाधरपंत अपघातामुळे अशा जगात जाऊन पडतात की जेथे १७६१ साली पानिपतावर मराठे विजयी झाले आहेत. विश्वासरावांस गोळी लागली की चुकली, एवढ्या एका गोष्टीवरून दोन जगे निराळी झाली. लेखकाने आपल्या जगाचा इतिहास कोठेही बदलला नाही. शेजारचे दुसरे जग केवळ दाखविले. नियम थोडे ठेविले व ते पाळले, म्हणूनच ही कथा छोटी असूनही भक्कम आहे.

असो. कोणी म्हणेल, ‘करमणुकीच्या गोष्टीत एवढी चिकित्सा कशास?’ ह्याचे उत्तर आमच्या भोर तालुक्यातच आहे. रायरेश्वराच्या पायथ्याजवळील कारी हे गाव कान्होजी जेधे ह्यांचे. ह्या जेधे देशमुखांच्या घराण्यात ‘जेधे शकावली’ जतन झाली व लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे कोणत्या शकात, कोणत्या तिथीस काय घडले ह्याची टिपणे. तीत अलंकार नाहीत, संवाद नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी ठेवितात त्या वहीसारखीच ती समजा. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे उत्तरकालीन बखरींच्या आधारे मानले जात असे. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारत’ काव्यात तीच तिथी आढळली आणि जोधपूरकडे मिळालेल्या जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. एकमेकांस न विचारता तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती विश्वासार्ह ठरते. २००१ साली महाराष्ट्र शासनाने हीच तारीख स्वीकारली.

वेल्ह्याच्या माथ्यावरचा तोरणा महाराजांनी १६४६ च्या सुमारास घेतला असे सामान्यतः मानितात. पहिली तिथी धरली तर त्या वेळी त्यांचे वय १९ वर्षांचे होते, दुसरी धरली तर १६ वर्षांचे. रोज तोरण्याकडे पाहणाऱ्या मुलास हा फरक लहान वाटणार नाही. तो किल्ला आपल्याहून थोड्याच मोठ्या मुलाने घेतला, हे कळणे आणि न कळणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

येथेच दोन्ही गोष्टींतील भेद ध्यानी घ्यावा. वीरकथेत भगदाड पडले तर आपला घटकाभराचा आनंद तेवढा उणा होतो. परंतु आज इतिहासही पडद्यावरून व मोबाईलवरील चित्रफितींतून आपणांकडे येतो. तेथे कोणी दहा वर्षे पुढेमागे केली, न भेटलेल्या माणसांची भेट घडविली, तर खोटी गोष्ट खऱ्याच्या आसनावर बसते, आणि ती उठविण्यास पिढ्या लागतात. ज्याचा कान ‘क्रिश’ मधील वीस वर्षांचा घोटाळा टिपतो, त्याचा कान इतिहासातला घोटाळाही टिपील.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, पुढील सुट्टीत एखाद्या आवडत्या मालिकेची शकावली करून पाहा. वहीच्या एका रकान्यात साल लिहा, दुसऱ्यात घडलेली गोष्ट, आणि तिसऱ्यात त्या जगाचा नियम. कोणत्या ओळी एकमेकींशी भांडतात ते आपोआप दिसू लागेल. मग तीच वही आपल्या गावच्या गढीविषयी, देवळाविषयी, घराण्याविषयी ऐकलेल्या कथांस लावा. मात्र ज्या वृद्धांनी त्या सांगितल्या त्यांचा मान राखून विचारा. पालकांसही आमची एक विनंती आहे. चित्रपट चालू असता मुलाने ‘हे कसे जुळते?’ असे विचारले, तर त्यास गप्प बसवू नये. ज्या घरात हा प्रश्न विचारण्याची मोकळीक आहे, त्या घरातील मूल गोष्टी पाहूनही फसणार नाही, आणि फसण्याच्या भयाने गोष्टींचा आनंदही टाकणार नाही.