विद्यापीठांतील भेदभाव बिंदुनामावलीत दडलेला

प्रतिनिधी, मुंबई

विद्यापीठातील भेदभाव म्हटला की अपमानाचा एखादा शब्द, त्यावरची तक्रार आणि मागोमाग नेमलेली चौकशी समिती डोळ्यांसमोर येते. अध्यापकांच्या वाट्याला येणारा भेदभाव मात्र अनेकदा कागदावर आणि तोही नियमांच्या भाषेत लिहिलेला असतो. कालिन्याची विद्यानगरी असो वा पवईची आयआयटी, कोणते पद कोणासाठी, हे ठरविणारी बिंदुनामावली हा त्यातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा कागद होय.

शब्द परका, अनुभव ओळखीचा

‘संस्थात्मक वंशवाद’ ही संज्ञा स्टोकली कार्मायकल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत रूढ केली. लंडनमध्ये १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाची हत्या झाली. त्या तपासाची चौकशी करणाऱ्या मॅक्फर्सन समितीने १९९९ च्या अहवालात ही संज्ञा पोलीस दलाला लावली. एखाद्या व्यक्तीच्या मनात द्वेष नसला, तरी संस्थेच्या कार्यपद्धतीतून विशिष्ट समूहावर सातत्याने अन्याय होऊ शकतो, हा त्याचा मथितार्थ. जात आणि वंश एकच का, यावर २००१ च्या दरबान परिषदेत बराच वाद झाला आणि भारत सरकारने ही तुलना अमान्य केली. तो वाद बाजूला ठेवला, तरी अन्यायाची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. तो भेदभाव उघड होता आणि करणारेही समोर होते. आज तसा आक्षेप उघडपणे घेणे गुन्हा ठरू शकतो. पदांच्या मोजणीतून होणाऱ्या अन्यायाला मात्र कोणी एक आरोपी नसतो.

मोजणीचे गणित

केंद्रीय संस्थांमध्ये इतर मागासवर्गीयांना २७, अनुसूचित जातींना १५ आणि अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आरक्षण आहे. शंभराला या आकड्यांनी भागले की इतर मागासवर्गाची पाळी चौथ्या, अनुसूचित जातीची सातव्या, तर जमातीची चौदाव्या पदावर येते. आता एका विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक व चार सहायक प्राध्यापक अशी सात पदे आहेत, असे समजू. विभाग हा घटक धरून प्रत्येक संवर्ग स्वतंत्र मोजला, तर आरक्षित पद निघते अवघे एक, तेही इतर मागासवर्गासाठी.

असे दहा विभाग मिळून ७० पदे होतात. टक्केवारीनुसार त्यांत अनुसूचित जातींची सुमारे १० आणि जमातींची सुमारे ५ पदे असावयास हवीत. विभागवार मोजणीत दोन्ही आकडे शून्यावर येतात. चार पदांच्या संवर्गात सातवा बिंदू उगवण्यासाठी तीन जागा रिकाम्या व्हाव्या लागतात. तोवर पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची उमेदीची वर्षे सरलेली असतात.

राज्याच्या २००१ च्या आरक्षण कायद्यात प्रवर्ग अधिक आणि त्यांचे वाटे लहान आहेत. भटक्या जमाती (ड) यांचा वाटा २ टक्के, म्हणजे ५० पदांमागे एक. एका विषयाच्या विभागात एवढी पदे सहसा नसतात. त्यामुळे मोजणीचा घटक कोणता, या प्रश्नाला येथे अधिकच महत्त्व येते.

नागपूर ते दिल्ली

या वादाचे एक मूळ नागपूरचे आहे. नागपूर विद्यापीठाने १९८४ मध्ये अध्यापकांच्या पदांची जाहिरात काढली; मात्र कोणत्या विषयातील पद आरक्षित, हे तीत स्पष्ट केले नव्हते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आरक्षण विषयनिहाय दर्शविले पाहिजे, असा निर्णय १९९० मध्ये लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत संपूर्ण विद्यापीठ हा घटक धरला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ती तरतूद रद्द करून विभाग हा घटक ठरविला. आयोगाने मार्च २०१८ मध्ये तसे परिपत्रक काढले आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील फेटाळले.

देशभर निदर्शने झाल्यावर मार्च २०१९ मध्ये केंद्राने अध्यादेश आणि जुलैमध्ये कायदा करून संपूर्ण संस्था हा घटक पुन्हा प्रस्थापित केला. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये अध्यापक संवर्गातील आरक्षणाचा कायदा केला. केंद्रीय कायद्यातून अल्पसंख्याक संस्था तसेच टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रासारख्या काही संस्था वगळण्यात आल्या.

पवईची आयआयटी वगळलेल्यांत नाही. आयआयटींमध्ये २००८ पासून तांत्रिक विषयांत आरक्षण खालच्या पदांपुरते होते. २०१९ च्या कायद्याने ते सर्व स्तरांवर आले. मात्र दिल्ली आयआयटीच्या तत्कालीन संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० मध्ये आयआयटींना या आरक्षणातून सूट देण्याची शिफारस केली.

आत असलेल्यांचे काय?

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये देशातील अध्यापकांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ९ आणि जमातींचे सुमारे अडीच टक्के होते. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतील त्यांचा वाटा अनुक्रमे १६.६ आणि ८.६ टक्के आहे.

ही तफावत केवळ बाहेर राहिलेल्यांना भोगावी लागत नाही. नेमणूक उशिरा झाली की ज्येष्ठता, पदोन्नती, पीएच.डी.चे मार्गदर्शकपद आणि निवृत्तिवेतन सारेच लांबते. वरच्या पदांवर आपल्या समाजाचे कोणी नसले, की निवड समितीतही आपले म्हणणे मांडणारे कोणी उरत नाही. ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा मारला, की आरक्षित पद पुढच्या जाहिरातीपर्यंत रिकामे राहते. दरम्यान तेच तास तासिका तत्त्वावरील अध्यापक घेतात. त्यांना ना सेवाशाश्वती, ना सुट्टीचे वेतन. ज्यांना नोकरी मिळते, त्यांच्या डोक्यावर जात वैधता प्रमाणपत्राची टांगती तलवार असते.

दाद मागण्याचा मार्गही अरुंद आहे. आयोगाचे २०१२ चे समताविषयक विनियम प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी होते. जानेवारी २०२६ च्या नव्या विनियमांनी अध्यापक व कर्मचाऱ्यांनाही कक्षेत घेतले. मात्र त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. अत्याचार प्रतिबंधक कायदा शिवीगाळीला लागू होऊ शकतो, न भरलेल्या पदाला नव्हे.

म्हणूनच पहिली गरज पारदर्शकतेची आहे. प्रत्येक विद्यापीठाने व महाविद्यालयाने आपली तपासलेली बिंदुनामावली, रिक्त आरक्षित पदे आणि उमेदवार नाकारण्याची लेखी कारणे जाहीर केली, तर अन्याय नेमका कुठे झाला, हे दाखविता येईल. त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. कपाटातला कागद बाहेर काढण्याची इच्छा तेवढी हवी.