घरातील सुप्त दोष व खरेदीदाराचे कायदेशीर उपाय

सुप्त दोष म्हणजे घर पाहताना सामान्य दक्षता घेऊनही लक्षात न येणारा आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर उघडकीस येणारा दोष. खांबांतील गंजलेल्या सळ्या, ताज्या रंगाखाली झाकलेली गळती, जमिनीच्या मालकी हक्कातील वाद ही त्याची काही उदाहरणे होत. भारतात अशा दोषाबद्दल दाद कोठे मागावयाची, हे मुख्यतः घर विकासकाकडून घेतले की आधीच्या मालकाकडून, यावर अवलंबून असते.

विकासकाकडून घेतलेले घर

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) अन्वये, ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. अन्यथा खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो. पाच वर्षांची ही मुदत दोष विकासकाला कळविण्याची आहे. त्यामुळे तोंडी तक्रारीपेक्षा दिनांकित पत्र व त्याची पोच यांना महत्त्व आहे. जमिनीचा मालकी हक्कच सदोष निघाल्यास कलम १८(२) खालील भरपाईच्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही. महाराष्ट्रात अशी तक्रार महारेराकडे करता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात (२०२०) स्पष्ट केले. तेथे मात्र मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे.

आधीच्या मालकाकडून घेतलेले घर

पुनर्विक्रीच्या व्यवहारात खरेदीदाराची बाजू तुलनेने दुबळी असते. येथे मुख्य आधार मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ चा. विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला व सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि तो लपविणे हे कपट मानले जाते. करारात याविरुद्ध अट असल्यास हे कर्तव्य मर्यादित होऊ शकते. म्हणून ‘आहे त्या स्थितीत’ यासारखे शब्द सहीपूर्वी वाचणे अगत्याचे. कपट सिद्ध झाल्यास खरेदीदार दिवाणी न्यायालयात खरेदीखत रद्द करण्याची किंवा नुकसानभरपाईची मागणी करू शकतो. खत रद्द करण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत कपट कळल्यापासून मोजली जाते.

दोष होता हे अभियंत्याच्या अहवालावरून दाखविता येते. विक्रेत्याला तो ठाऊक होता, हे दाखविणे अवघड. अशा वेळी गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, गळतीबाबत विक्रेत्यानेच संस्थेला दिलेला अर्ज किंवा दुरुस्तीची जुनी बिले निर्णायक ठरू शकतात.